बातमीतला 'तो' आणि बातमीतले 'ते'

कात्रणवाला | रविवार, रात्री १०:४०

अठरा वर्षं गोव्यातल्या एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर आहे. दैनिकाचं नाव सांगत नाही. खाली लिहितोय ते कुठल्याही पेपरच्या पान तीनवर सापडेल.

परवा पान लावताना दोन बातम्या एकाखाली एक आल्या. वरची एका तरुण उद्योजकाची. कारला अपघात झाला. 'गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) उपचार सुरू असताना त्यांची प्राणज्योत मालवली. ते मनमिळाऊ स्वभावाचे होते.' खालची त्याच संध्याकाळची. सायकलवरून खोलीकडे निघालेला बांधकाम कामगार. 'ट्रकच्या धडकेत मजूर ठार. तो मूळचा झारखंडचा असून तो येथे भाड्याने राहत होता.' नाव होतं, पण सहाव्या ओळीत. उद्योजक चौतीस वर्षांचे. मजूर बावन्न वर्षांचा.

बघा, आत्ता लिहितानाही तेच झालं.

पान सोडलं. सकाळी बायकोने पेपर उघडला आणि म्हणाली, "हा बावन्न वर्षांचा माणूस तुम्हांला अरे-तुरे करण्यातला वाटला का?" ती शाळेत मराठी शिकवते, असल्या गोष्टी तिला लांबून दिसतात. मी म्हटलं, बातमीची भाषा तशीच असते. ती म्हणाली, "मग वरची बातमी नव्हती?"

त्यानंतर आमचेच मागचे काही अंक काढून क्रियापदांखाली पेन्सिल फिरवली. मोजणी घरगुती, म्हणून आकडा देत नाही. मंत्री, डॉक्टर, प्राचार्य, भजनी कलाकार, निवृत्त मुख्याध्यापक हे सगळे 'ते'. गाडेवाला, वेटर, ट्रकचा क्लीनर, मोटारसायकल पायलट (दुचाकी टॅक्सीवाला) 'तो'. कामवाली 'ती', तिची मालकीण 'त्या'. माजी पंच (पंचायत सदस्य) फसवणुकीत सापडले तर 'त्यांना अटक करण्यात आली'. मोबाइल चोरणाऱ्या पोराच्या 'मुसक्या आवळल्या'. मेल्यावरही तेच. काहींचं निधन होतं, काहींचा मृत्यू होतो आणि उरलेले ठार होतात.

आमच्या डेस्कवर शुद्धलेखनाचा कागद भिंतीला आहे. कुणाला 'ते' द्यायचं हे त्यात कुठेच नाही. ते न लिहिता सगळ्यांना पाठ आहे. इंग्रजी पानावरच्या मित्राला हा प्रश्नच पडत नाही, त्याच्याकडे सगळ्यांना एकच 'ही' (he). आपल्याकडे मात्र नाव न घेता, विशेषण न लावता, नुसत्या क्रियापदात माणसाची पायरी सांगून होते.

तर विचारायचं असं की डेस्कवरच्या माणसाने काय करावं? आणि वाचक म्हणून तुम्हांला पेपरात किंवा सरकारी नोटिसांत काय खटकतं?

सत्तरीकर | सोमवार, सकाळी ६:५५

अगदी जिव्हाळ्याचा विषय. वाळपईकडे शिक्षक आहे, आमच्या शाळेत परिपाठाला मुलं पेपरातल्या बातम्या मोठ्याने वाचतात. गेल्या वर्षी एका मुलाची पाळी होती. बाप विजापूरकडून आलेला गवंडी. पोराचा जन्म इथलाच, मराठी माझ्या पोरापेक्षा बरी. मथळा आला, 'परप्रांतीयाकडून शेजाऱ्याला मारहाण'. त्याने वाचला. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "घाटी". त्या पोराने पुढची बातमी क्रिकेटची होती तीही वाचली, कागद घडी करून मला दिला आणि जागेवर जाऊन बसला.

मारहाण करणारा म्हापशाचा असता तर मथळा 'शेजाऱ्याला मारहाण' एवढाच आला असता. गाव तेव्हाच आठवतं जेव्हा ते घाटापलीकडचं असतं.

जुना_वाचक_म्हापसा | सोमवार, सकाळी ९:३०

धागाकर्त्यांच्या भावना पोहोचल्या. पण शब्द घासून-पुसून परिस्थिती बदलते यावर माझा विश्वास नाही. माझ्या डोळ्यांदेखत अपंगांचे विकलांग झाले, विकलांगांचे दिव्यांग झाले. बसची पायरी तेवढीच उंच राहिली.

आणि सगळ्यांनाच 'ते' केलंत तर 'ते'ची किंमत काय राहणार? 'चोर म्हणाले की त्यांनी मोबाइल चोरला'? हसतील लोक.

ताळगावची | सोमवार, सकाळी ९:५२

हसू देत की. माजी पंचांनी लाखो रुपये खाल्ले तेव्हा 'त्यांनी' लिहिताना कुणी हसलं का?

कानाने_वाचणारा | सोमवार, सकाळी ११:१५

म्हापसेकरांच्या पायरीबद्दल पूर्ण सहमत, आणि तिथूनच सुरू करतो. मला दिसत नाही. पेपर मोबाइल वाचून दाखवतो, मी ऐकतो.

'दिव्यांग' हा शब्द पंतप्रधानांनी डिसेंबर २०१५ मध्ये 'मन की बात'मध्ये सुचवला आणि सरकारी कागदांत रुळला. पुढच्याच वर्षी कायदा झाला त्याच्या इंग्रजी मजकुरात मात्र 'डिसअॅबिलिटी' हाच शब्द राहिला. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६च्या कायद्यात २१ झाले. माझ्या ओळखीत काहींना 'दिव्यांग' आवडतो, काहींना तो वरून फुलं टाकल्यासारखा वाटतो. मला अंध म्हणा. शिवी नाही ती, माहिती आहे.

मला खटकतं ते दुसरंच. बँकेची परीक्षा पास झालो तेव्हा एका पेपरात आलं, 'अंधत्वावर मात करून यश'. मी अंधत्वावर मात केलेली नाही. अजून दिसत नाही. मात केली ती परीक्षेवर, आणि त्याआधी त्या अर्जाच्या वेबसाइटवर, जिच्यातलं एक बटण माझ्या मोबाइलला वाचता येत नव्हतं. बातमीत बटणाबद्दल एक अक्षर नव्हतं. तसंच पणजीत २०२३च्या जानेवारीत पहिलं पर्पल फेस्ट (अपंगांसाठीचा महोत्सव) झालं तेव्हा मी तिथे होतो. रॅम्प कुठे होता, सांकेतिक भाषेचे दुभाषे कुठे उभे होते, हे मी घरी येऊन तासभर सांगत होतो. नंतर ज्या बातम्या ऐकल्या त्यांत 'जिद्द' आणि 'आनंद लुटला' हेच जास्त.

दुसरं. खात्यांच्या नोटिसा व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून फिरतात. मोबाइल म्हणतो, "इमेज". संपलं. पीडीएफ असली तर जुन्या फाँटातली. स्क्रीनवर मराठी दिसते म्हणे, पण आत युनिकोड नसतं, आत रोमन अक्षरं आणि चिन्हं भरलेली असतात. मोबाइल तीच वाचायला लागतो. पाणी कधी जाणार ते मला शेजारणीला विचारावं लागतं. नोटीस टाकताना खाली तोच मजकूर टाइप करून टाकला तर काम झालं, पैसाही लागत नाही.

आबोली | सोमवार, दुपारी १:०५

कानाने_वाचणारा, 'मात केली ती परीक्षेवर' हे वहीत लिहून ठेवलं.

माझ्या मुलीला ऐकू येत नाही. पेपरवाले 'मूकबधिर' लिहितात. ती मुकी नाही. तिच्या हातांना विचारा, जेवताना सुद्धा गप्प बसत नाहीत. 'कर्णबधिर' लिहिलं की पुरे. आणि उन्हाळा आला की दर आठवड्याला एक मथळा ठरलेला, 'बहिरे प्रशासन'. तिने विचारलं, "आई, ऑफिसातल्या लोकांनाही ऐकू येत नाही?" मी म्हटलं, येतं, पण ते ऐकत नाहीत. ती म्हणाली (म्हणजे खुणेने), "मग माझं नाव कशाला?"

काजूबोंडू | सोमवार, दुपारी १:२०

नि:शब्द. अरे देवा, हाही शब्द बघा.

रापणकार | सोमवार, संध्याकाळी ५:४०

मी शिकलेला कमी, पण इथे बोलतो. बाणावलीकडचा. जूनपासून जुलैअखेर यांत्रिक मासेमारी बंद असते, पण किनाऱ्यावरच्या माणसाला हवामान रोजच लागतं. पेपरात येतं, 'गोव्याला रेड अलर्ट, अतिवृष्टीची शक्यता'. बरं, मग मी काय करू? होडी वर ओढू की घर सोडू?

माझ्या भाचीने एकदा समजावलं. येलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयार राहा, रेड म्हणजे आता हला. आमच्या दर्यावरच्या माणसांना हे तीन शब्द पेपरापेक्षा भाचीकडून आधी कळले. आणि आम्हांला पावसाच्या मिलिमीटरपेक्षा वारा महत्त्वाचा. किती वेगाने, कुठून, किती वाजेपर्यंत. 'समुद्र खवळलेला राहील' हे मला खिडकीतून दिसतं.

टिपण_पणजी | सोमवार, रात्री ९:१०

मी एका सरकारी खात्यात नोटिसांचे मसुदे करतो, म्हणजे वरचे दोन-तीन प्रतिसाद माझ्याच पाठीवर बसले. कबूल.

हे असं का होतं ते सांगतो. मसुदा आधी इंग्रजीत होतो. वरच्या साहेबांची सही इंग्रजीवर. मग आमच्याकडे येतो, 'मराठी आणि कोंकणी करून टाका, चारपर्यंत.' तेव्हा जुनी फाइल उघडायची आणि तोच साचा पुढे ढकलायचा. असा :

'सर्व संबंधितांस सूचित करण्यात येते की, मुख्य जलवाहिनीच्या तातडीच्या दुरुस्तीकामास्तव उपरोक्त परिसरातील जलपुरवठा दि. १२ रोजी अंशतः प्रभावित राहील. तरी ग्राहकांनी सहकार्य करावे.'

यात खोटं काहीच नाही. पण 'उपरोक्त' परिसर वर इंग्रजी तक्त्यात आहे, जो मराठीत आलाच नाही. 'अंशतः प्रभावित' म्हणजे नळ बारीक येईल की येणारच नाही, हे लिहिणाऱ्या मलाही माहीत नव्हतं. फोन करून इंजिनियरला विचारलं. ते हसून म्हणाले, "अरे, पाणी नाहीच."

मग स्वतःच्या हिमतीवर असं केलं :

'मंगळवारी १२ तारखेला सकाळी ८ ते रात्री ८ नळाला पाणी येणार नाही. मोठी पाइप फुटली आहे, ती बदलत आहोत. आज रात्रीच पाणी भरून ठेवा. टँकर हवा असल्यास या नंबरवर फोन करा.' खाली गावांची नावं.

वरून फाइल परत आली. शेरा : 'भाषा शासकीय वाटत नाही'. शेवटी तडजोड झाली. 'सूचित करण्यात येते' राहिलं, वेळ आणि गावंही राहिली. 'भरून ठेवा'चं 'साठा करून ठेवावा' झालं. चालतंय. फोटोखाली मजकूर टाइप करून टाकायचं मात्र उद्यापासून करतो, ते माझ्याच हातात आहे.

दोतोर_नव्हे_मास्तर | सोमवार, रात्री ९:४५

शासकीय मराठी सोपी नको म्हणणाऱ्यांना गोव्यातलंच एक उदाहरण. फादर थॉमस स्टीफन्स, इंग्लंडहून १५७९ मध्ये गोव्यात आले. १६१६ मध्ये राचोलला त्यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं. मराठीतच का लिहिलं ते त्यांनी प्रस्तावनेत सांगितलं आहे, आणि पुढे असंही की शुद्ध मराठी सामान्य लोकांना कळत नाही, म्हणून आधीच्या कवींचे अवघड शब्द सोडले आणि इथल्या बोलीतले सोपे शब्द जागोजागी मिसळले. परदेशातून आलेल्या पाद्र्याला चारशे वर्षांपूर्वी सुचलं ते 'उपरोक्त'वाल्यांना सुचत नाही. धर्मप्रसाराचा हेतू होता हे खरं, पण गिऱ्हाईकाला कळलं पाहिजे ही गोष्ट त्यांना पक्की ठाऊक होती.

पेद्रूचो_पूत | सोमवार, रात्री १०:३०

मास्तर, देव बरें करूं. मी सासष्टीतला, ख्रिस्ती, घरी कोंकणी, पण मराठी पेपर वाचतो. बऱ्याच मराठी माणसांना हे ऐकूनच आश्चर्य वाटतं, आणि तेच आश्चर्य बातमीतही उतरतं. नाताळाला, फेस्ताला आम्ही 'ख्रिश्चन बांधव'. ईदला ते 'मुस्लिम बांधव'. उरलेल्या दिवशी काही भांडण झालं की आम्ही दोघंही 'विशिष्ट समाज'. बांधव नको आणि विशिष्टही नको. चर्चला आलेले लोक म्हणा, वाड्यावरचे लोक म्हणा.

दुसरं गावांचं. इंग्रजी कॉपी मराठीत आणताना हळदोण्याचं 'अल्डोना' होतं, शिवोलीचं 'सिओलिम', डिचोलीचं 'बिचोलिम'. पोर्तुगीजांनी स्वतःच्या कानाला आलं तसं लिहिलं, इंग्रजीने तसंच उचललं, आणि आता मराठी पेपर आमचीच नावं आम्हांला परदेशी करून वाढतो. साधा नियम, शेवटचा 'एम' नाकातला आहे, तो उच्चारायचा नसतो. एका बातमीत 'मोईरा'ची केळी वाचली. अहो, मयड्याची.

कात्रणवाला | सोमवार, रात्री ११:५०

पेद्रूचो पूत, 'अल्डोना' आमच्याकडूनही गेलंय. एजन्सीची कॉपी रात्री साडेअकराला येते, ती मशीनमधून काढतात, मशीनला हळदोणे माहीत नाही. आता टाचण करतोय : शेल्डे, लोटली, बेताळभाटी, कुठ्ठाळी, आगशी, मेरशी. अजून सुचवा.

म्हापसेकर, 'चोर म्हणाले'चा प्रश्न खरा आहे. सकाळपासून डोक्यात तोच आहे. एक वाट सापडली. मराठीत कर्ता न मोडता क्रियापद वळवता येतं. 'तो झारखंडचा असून तो भाड्याने राहत होता' याऐवजी नाव घ्यायचं आणि 'मूळ गाव झारखंडमध्ये, सध्या राहायला कुंडई येथे' असं लिहायचं. 'त्याला' किंवा 'त्यांना' करायच्या ऐवजी 'संशयिताला अटक झाली', मग तो पंच असो की पोर. आरोपींना आदर द्यायचा माझा आग्रह नाही, आदराची तागडी एकच असावी एवढंच. आणि मेलेल्या माणसाला 'ते' द्यायला जागा लागत नाही. एक मात्रा.

निवडुंग | मंगळवार, सकाळी ८:०५

मूळ मुद्दा बाजूला. ज्या राज्यात १९८७च्या कायद्याने कोंकणी राजभाषा आहे तिथे मराठीतल्या 'ते'चं एवढं काय? आधी सरकार कोंकणीत...

संपादक मंडळ | मंगळवार, सकाळी ८:३०

भाषावादावर आधीच चार धागे आहेत, तिकडे जावे. त्याच कायद्यात मराठीच्या शासकीय वापराचीही तरतूद आहे, तेही तिकडेच बोलावे. या धाग्यावर अवांतर उडवले जाईल.

ताळगावची | मंगळवार, सकाळी १०:२०

बायकांबद्दल कुणीच नीट लिहिलं नाही म्हणून लिहिते.

'एकतर्फी प्रेमातून युवतीवर हल्ला.' हे प्रेम कुठलं? ज्याला तिने चार वेळा नको म्हटलं, ज्याने बस स्टँडवर तिचा पाठलाग केला, त्याला पेपर अजून प्रेम म्हणतो. 'नकार दिल्याने हल्ला' लिहा, कारण तेच आहे. 'अब्रू लुटली' लिहितात, जणू तिच्या पर्समधली वस्तू. सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये न्यायाधीशांसाठी एक हँडबुक काढलं, बायकांबद्दल निकालांत कुठले साचे टाळायचे आणि त्याऐवजी काय म्हणायचं यावर. न्यायाधीशांना गरज पडते तर क्राइम बीटला पडायला हरकत नाही.

आणि 'महिला सरपंच', 'महिला डॉक्टर', 'महिला पत्रकार'. शशिकला काकोडकर १९७३ ते १९७९ या राज्याच्या (तेव्हा संघप्रदेश) मुख्यमंत्री होत्या. लोक ताई म्हणायचे आणि पदाला मुख्यमंत्रीच म्हणायचे. 'मुख्यमंत्रीण' कुणी केलं नाही. पदाला लिंग न लावता मराठी चालते याचा पुरावा आपल्याच घरात आहे. 'त्या म्हणाल्या' यात सगळं येतं.

अॅड_बार्देश | मंगळवार, दुपारी १२:४५

ताळगावकरबाईंच्या मुद्द्याला कायद्याची पुरवणी. बलात्काराच्या गुन्ह्यात पीडितेचं नाव छापू नये हे सगळ्या बातमीदारांना ठाऊक असतं. पण भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ (पूर्वीचं भादंवि २२८-अ) नावापुरतं नाही. जिच्यावरून ओळख पटू शकते अशी कुठलीही माहिती त्यात येते, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. मुलांच्या बाबतीत पोक्सोचं कलम २३ आणखी कडक आहे, त्यात शाळा, कुटुंब, शेजारही येतो. अल्पवयीन मुलगा आरोपी असेल तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ने त्याचीही ओळख झाकायची.

गोव्यात अडचण अशी की राज्य तळहाताएवढं. नाव न छापता 'तिसवाडीतील एका बेटावरच्या रेंदेराची शाळकरी मुलगी' एवढं लिहिलं की झालं. माडावर चढून सूर काढणारे रेंदेर आता उरलेत किती? संध्याकाळपर्यंत गाव घर दाखवतं. दिल्लीत 'एका चालकाची मुलगी' म्हणून चालेल, इथे नाही. माझा सल्ला, तालुक्याच्या खाली जाऊ नका आणि बापाचा धंदा गाळा.

जातीबद्दल प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत आहेच, संदर्भ नसताना जात ओळखीसाठी वापरू नये.

सत्तरीकर | मंगळवार, दुपारी २:१०

जातीवरून आठवलं. गावडा, कुणबी, वेळीप यांना अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ मध्ये मिळाला. पण लोकोत्सवाची बातमी आली की अजूनही 'आदिवासी बांधवांनी पारंपरिक नृत्याने पाहुण्यांचे मन रिझवले'. माझी एक माजी विद्यार्थिनी वेळीप, सध्या नर्स आहे. म्हणाली, "सर, आमचो फोटो पेपरांत आयलो तर कुणबी साडी आनी नाच, नाजाल्यार नाच." (म्हणजे, नाहीतर नाहीच.) नर्स म्हणून कधी येणार?

मूळचा_काणकोणकर | मंगळवार, रात्री ८:३०

मुंबईहून. तृतीयपंथी व्यक्तीच्या मुलाखतीत काय करायचं? परवा एका बातमीत पहिल्या परिच्छेदात 'तो', दुसऱ्यात 'ती', तिसऱ्यात परत 'तो'.

ताळगावची | मंगळवार, रात्री ८:४४

विचारायचं. मुलाखत घेतलीच होती ना समोर बसून? २०१४च्या निकालात सुप्रीम कोर्टाने लिंगओळख ज्याची त्याने सांगायची हे मान्य केलंय. नाव विचारतो तसं हेही विचारायचं.

गंमत म्हणजे कोंकणीत तरुण मुलीला 'तें' म्हणतात. 'तें आयलें.' नपुंसकलिंग, पण त्यात माया असते. माझी आजी मला लग्नापर्यंत 'तें'च म्हणत होती. तेच मराठीत 'ते आलं' म्हटलं तर शेजारी वळून बघतील. म्हणून कोंकणीत विचार करून मराठीत लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांनी जरा जास्त जपायला हवं.

जुना_वाचक_म्हापसा | बुधवार, सकाळी ९:१५

सगळं वाचलं, दोनदा. कानाने वाचणाऱ्यांचं बटण पटलं. पायरीबद्दल मी म्हणालो तीच गोष्ट त्यांनी बातमीच्या आत नेऊन दाखवली. शब्द बदलून पायरी उतरत नाही हे माझं मत कायम आहे. पण 'जिद्दीने यश' लिहिलं की पायरी बातमीतूनच गायब होते, हे मला सुचलं नव्हतं.

'चोर म्हणाले'वरचा तोडगा मात्र अर्धाच आहे. नाव लावायचं म्हणता, पण मजुराचं नाव बातमीदार आणतो तरी का?

कात्रणवाला | बुधवार, रात्री ११:३०

बरोबर बोट ठेवलंत. नाही आणत. पोलिसांच्या टिपणात जे येतं ते येतं.

टिपण_पणजी | गुरुवार, संध्याकाळी ६:००

थोडं आनंदाचं. आजची नोटीस फोटोसोबत टाइप करून टाकली. तासाभरात एका गावातून फोन, "आमच्या वाड्याचं नाव यादीत नाही, पण पाणी गेलंय." म्हणजे कुणीतरी शेवटपर्यंत वाचलं.

कानाने_वाचणारा | गुरुवार, संध्याकाळी ६:१२

मीही ऐकली. शेवटचा फोन नंबर 'नऊ अब्ज ऐंशी कोटी' असा वाचला मोबाइलने. मध्ये जागा सोडा.

टिपण_पणजी | गुरुवार, संध्याकाळी ६:१५

सोडतो.

कात्रणवाला | शुक्रवार, मध्यरात्र उलटून १:२०

आत्ताच पान सोडून आलो. रात्री साडेदहाला पोलिसांचं टिपण : 'रेल्वे स्टेशननजीक अनोळखी इसमाचा मृतदेह आढळला. सदर इसम मजूर असावा.' बातमीदाराला फोन केला. म्हटलं, मजूर असावा हे कशावरून? म्हणाला, "चपला बघून." मी 'सुमारे ४५ वर्षांच्या व्यक्तीचा मृतदेह, ओळख पटलेली नाही' एवढंच ठेवलं. मजूर काढला. तो विचारत होता, "इसममध्ये काय वाईट आहे?" मला पटकन उत्तर देता आलं नाही.

जुना_वाचक_म्हापसा | शुक्रवार, सकाळी ७:४०

इसम अरबीतून आला. 'इस्म' म्हणजे नाव. पोलीस टिपणात ज्याचं नाव माहीत नाही त्यालाच नेमका हा शब्द लावतात. तुमच्या बातमीदाराला सांगा.

कात्रणवाला | रविवार, रात्री १२:०५

सांगितलं. काल तो स्वतःहून ठाण्यावर गेला. त्या गृहस्थांचे भाऊ कोप्पळहून ओळख पटवायला आले होते, त्यांच्याशी बोलून आला. मजूर नव्हते. कपड्यांना इस्त्री करायचा गाडा होता, मडगावात, अकरा वर्षं.

आज पान ५ला घेतली, चार ओळी. नाव मथळ्यात घेतलं. लांब होतं, मथळा एका ओळीत बसेना, दोन ओळींत गेला. पान लावणाऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि खालची जाहिरात अर्धा सेंटीमीटर सरकवली.